ट्रॉलीतली बोट आणि हौसाआत्ती

संपतदादाचा फोन आला आणि मी गोव्याचा बेत गुंडाळून गावी जायचं ठरवलं. मी उरणला राहते. बोटींवर वाट आणि पाण्याची खोली दाखवणारी यंत्रं बसवणं हे माझं काम. चुलतभाऊ संपतदादा पलूस तालुक्यातल्या आमच्या कृष्णाकाठच्या गावात पुराची बोट चालवतो. मागच्या पुरात बोट वाट चुकून द्राक्षबागेच्या तारांत अडकली, आणि आत नेमकी आमची हौसाआत्ती. तेव्हापासून तिचा एकच हेका: "मी पुन्यांदा बोटीत बसायची न्हाई." घर मात्र सगळ्यात सखल आळीत. गावानं नवी यंत्रं घेतली होती. ती बसवायची मी, आणि आत्तीला वळवायचं तेही मीच.

पहाटे निघालात तर खंबाटकी घाट ऊन चढायच्या आत पार होतो. साताऱ्यात कंदी पेढे घ्या, रिकाम्या हातानं गेलात तर बोलणी खाल. कराडला मिसळ हाणा आणि हमरस्ता सोडून डावीकडे वळा. उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलात तर गाणी लावून गप्प बसा. याच रस्त्यावर लहानपणी एसटीत मला हमखास उलटी व्हायची आणि माझे वडील, आबा, माझ्या तोंडात आवळासुपारी कोंबायचे. ती चव आठवली आणि उगाच गलबलून आलं. गावात लॉज नाही. ओळख नसेल तर सांगलीत मुक्काम करा.

पहिल्या दिवशी नदीत चाचणी. सोनार हे यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि परत आलेल्या आवाजावरून खोली सांगतं. पुरात बुडालेले विहिरींचे कठडे त्यानंच कळणार होते. पण बोटीनं वेग घेतला की आकडे नाचायला लागले. बुडबुडे आड येत होते. सेन्सर थोडा खाली घेतला, दोरीला दगड बांधून खोली ताडून पाहिली, जुळली. घरी आत्तीनं भरलं वांगं आणि भाकरी वाढली. बोटीचा विषय काढला की ताटात आणखी एक वांगं पडायचं.

दुसऱ्या दिवशी खरी गंमत. पुरात बोट गल्ल्यांतूनच जाणार, म्हणून ती वाट कोरड्यातच जीपीएसच्या पडद्यावर नोंदवायची होती. बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवली, मी बोटीत.

"आवं ताई, पाणी कुटं हाय?" पारावरून कोणी ओरडलं.

"येतंय मागनं, बसा वाट बघत!" संपतदादा म्हणाला.

प्रत्येक वळणाला मी गावाच्या तोंडचं नाव देत होते. चिंच पडून जमाना झाला, तालमीत पिठाची गिरणी आली, तरी नावं तीच. त्या चिंचेवरून मी दोनदा पडले होते.

आत्तीच्या दारात ट्रॉली थांबली.

"पाणी न्हाई, आत्ती. नुसती बस," मी म्हटलं.

"गाव हसंल की गं."

"हसू दे. मला बी हसतंयच."

नऊवारीवर लाइफ जॅकेट चढवून ती बसली. जरा पुढे गेल्यावर स्वतःच म्हणाली, "हितं आमचं खळं हुतं. लिही." तिथून उंचावरच्या शाळेपर्यंत तीच सांगत गेली आणि मी टिपत गेले. शाळेपाशी उतरून तिनं पदर सारखा केला. "झालं? आता घरला सोडा. पुरात बसंन असं म्हणले न्हाई मी."

तेवढ्यावरच मी उरणला परतले. श्रावणात नदी पात्राबाहेर आली. संपतदादाचा फोन लागेना, घास गिळवेना. दुपारी आत्तीचाच आला, शाळेतून.

"बसलीस?"

"बसले की. संपत पडद्यावरची नावं मोठ्यानं वाचत हुता. चिंच आली म्हणला, तालीम आली म्हणला, तुमचं खळं आलं म्हणला. खाली बघितलं तर नुसतं गढूळ पाणी गं. पर मी समदं गाव बघत आले."

फोन ठेवून मी पोटभर रडले, आणि मग जेवायला बसले.