चादरीवर न उमटलेले बाण

आमच्या जिन्यावर त्याला सगळे बाणवाला म्हणतात. धनुष्य कधी हातात धरलं नाही बिचाऱ्याने. पण कॅमेऱ्याची लागोपाठची दोन चित्रं घेऊन, पहिल्यातला कुठला तुकडा दुसऱ्यात कुठे सरकला, हे त्याचा प्रोग्राम बाण काढून दाखवतो. आमच्याकडे चहाला आला की चहा गार होईपर्यंत हेच ऐकवायचा.

त्याला वाढवलं आत्याने. ती हॉस्पिटलांचे कपडे धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत घड्या घालायच्या टेबलावर कामाला. तिनेच मॅनेजरकडे शब्द टाकला आणि कोणाचे हात किती चालतात ते मोजायला टेबलांवर भाच्याचे कॅमेरे लागले.

पहिल्याच दिवशी सगळ्या बायकांसमोर पडद्यावर टेबलं झळकली. बाणच बाण. एकच टेबल कोरं.

"या बाई दिवसभर करतात काय?" मॅनेजरने विचारलं.

टेबल आत्याचं, हे याला दिसत होतं. 'तपासून सांगतो' म्हणायला जीभ झिजली नसती. पण छाती फुगलेली.

"मशीन कुणाची आत्या-मावशी बघत नाही, साहेब."

सगळे हसले. आत्याही हसली. संध्याकाळी मॅनेजरने तिला सांगितलं, पुढच्या महिन्यापासून येऊ नका.

मॅनेजरला पुरावा म्हणून मूळ चित्रण हवं होतं, म्हणून याने ते पहिल्यांदा नीट पाहिलं. आत्याचे हात कुठे थांबतच नव्हते. पण पांढरे हातमोजे, पांढरी चादर, पांढरं टेबल. पांढरा तुकडा कुठल्याही पांढऱ्या तुकड्याशी जुळतो. प्रोग्रामने धरलं, तुकडा जागचा हललाच नाही. बाकीच्या टेबलांवर चौकड्यांचे टॉवेल होते. या धंद्यातला हा अगदी पहिला धडा. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती, तर हाच महिनाभर खिदळला असता.

दोन दिवस तो बूट हातात घेऊन आमच्याच जिन्यावरच्या आत्याच्या खोलीवरून जात होता. आपला जिना मेला करकरतो. तिसऱ्या दिवशी तिने दार उघडलं.

"चोरासारखा काय जातोस?"

त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. "मी मॅनेजरला आत्ताच फोन करतो."

"फोनवर कशाला? हसवलंस चारचौघांत, आता सांगायचं कानात होय रे?"

सकाळी तो टेबलांच्या मध्ये उभा राहिला. कान लाल.

"आत्याचं काम चालूच होतं. माझ्या प्रोग्रामला पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. मला हे माहीत होतं, तरी मी तपासलं नाही."

"मग त्याला चष्मा लाव की," मागून एक बाई म्हणाली. हशा पिकला. मॅनेजर पुटपुटला, "बाई, तुमचं टेबल तुमचंच."

आत्या हसली नाही. तिने मोजे चढवले, चादर झटकली.

"आत्या..."

"बाजूला हो. उजेड अडतोय."

तो बाजूला झाला. चार घड्या होईपर्यंत थांबला. तिने वर पाहिलं नाही.