डोळ्यांनी दिसलेला बिघाड

घाटकोपरच्या सर्व्हिस सेंटरमधली काउंटरवाली प्रत्येक लॅपटॉपला ‘बाळ’ म्हणते. माझ्या बाळाचा स्क्रीन घरी अचानक काळा व्हायचा, तिच्यासमोर कधीच नाही. आणि बिघाड तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय वॉरंटीत दुरुस्ती नाही, असा कंपनीचा नियम. माझी वॉरंटी तर त्याच दिवशी संपत होती.

“ताई, घरी बाळावर काय करता?”

“पत्रकं लिहिते.”

“मग इथे लिहा ना!”

मी तिच्याच कंपनीविरुद्ध पत्रक लिहायला घेतलं. ‘ग्राहकाचा हक्क’पर्यंत येताना बटणं इतकी बडवली, की स्क्रीन काळा ठिक्कर!

“दिसलं! मला दिसलं!” ती खुर्चीवरून उडालीच. मी नाचले, मागे रांगेत उभ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लॅपटॉप दुरुस्तीला घेऊन ती हळूच म्हणाली, “पत्रक छापलंत की मला एक द्या हं.”