मॅचची ओळ

कौतिक गेला तेव्हा बुधवारा बाजारातले सगळे दिगंबररावांना म्हणाले, "भाऊ, तुमचा तर जिगरी होता. दोन शब्द बोला." दिगंबरराव उठले, घसा खाकरला आणि तसेच खाली बसले. मोतीलालच्या टपरीवर सोबत चहा प्यायचा, एवढीच तर ओळख. निंबोल्याला त्याच्या घरी ते एकदाही गेले नव्हते.

बरीच वर्षं त्यांना पक्कं ठाऊक होतं ते एकच, कौतिक क्रिकेटचा वेडा आहे. त्याच्या केळीच्या बागेत विहिरीकडची एक ओळ 'मॅचची' होती. त्या ओळीच्या घडांचे पैसे घरात खर्चायचे नाहीत. इंदूरला मॅच लागली की त्यातून दोन तिकिटं यायची, त्याचं आणि बायकोचं, सोजरचं. परत आला की डोक्यावर निळी टोपी. "कशी झाली मॅच?" विचारलं की म्हणायचा, "एकदम बढिया! पण भजी सोन्याच्या भावात विकतात, भाऊ."

मागच्या वर्षी वाऱ्यानं नेमकी तीच ओळ आडवी केली. वर तिकिटं दुपटीनं महागली. उरलेल्या घडांत एकच तिकीट बसत होतं.

"दुसऱ्या ओळीचे चार घड काढ की," दिगंबरराव म्हणाले.

"ना भाऊ. त्या ओळी घराच्या. सोजर ऐकायची नाही."

मॅचच्या दुपारी कौतिक टपरीवर टीव्हीसमोर येऊन बसला, तेव्हा दिगंबररावांना वाईटच वाटलं. "तिकीट नाही मिळालं?"

"मिळालं ना. सोजर गेली. पुतणी पूर्णिमा तिकडेच शिकते, ती गेटपर्यंत सोडणार. एकटी जायला तयारच नव्हती. मग म्हटलं, माझे गुडघे दुखतात."

"दुखतात?"

"छे!"

समोरच्या संघानं छक्का मारला. सगळी टपरी हळहळली. कौतिकनं मात्र टाळी वाजवली.

"ओ कौतिकभाऊ, छक्का त्यांचा आहे!" मोतीलाल ओरडला. "कोणाच्या बाजूनं आहात?"

"असू दे रे. छक्का मारला की पब्लिक दाखवतात." कौतिक टीव्हीकडे सरकला. "हिरवं लुगडं दिसलं तर सांगा."

इतक्या वर्षांनी दिगंबररावांना कळलं, क्रिकेटची वेडी सोजरबाई होती. कौतिकनंच मग सांगितलं, ती माहेरी भावांबरोबर रेडिओवर कॉमेंट्री ऐकत वाढलेली. कौतिकला ओव्हर म्हणजे काय तेही कळत नव्हतं. तो बाजूला बसून भजी खायचा आणि तिच्याकडे बघायचा. त्या दुपारी त्यानं दोन्हीकडच्या छक्क्यांना टाळ्या दिल्या. हिरवं लुगडं काही दिसलं नाही, तरी तो खूश होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबरराव भाजी घेऊन बसस्टँडवरून चालले होते. कौतिक इंदूरच्या गाडीची वाट बघत उभा. हातात कागदात बांधलेली गरम भजी.

"बरं झालं भेटलात. काल कोण जिंकलं हो, भाऊ? ती आल्या आल्या बोलायला लागेल, मला काहीतरी सांगता आलं पाहिजे."

"अरे, ती बघूनच येतेय ना!"

"हां," कौतिक म्हणाला, "ते बी खरं."