कदम साहेब आणि पुढचं गेट

"रिहॅबवाल्यांना मागच्या गेटने आणायचं. पुढचं गेट सेलचं," शेठ म्हणाले.

मी केबिनमध्ये चहा ठेवत होते. मुलुंडच्या या बिल्डरच्या ऑफिसात मी हाउसकीपिंगला आहे. शेठ म्हणजे बिल्डर. समोर उभे होते ते कदम साहेब, आमचे इस्टेट मॅनेजर.

रिहॅब म्हणजे चाळ पाडून तिथेच चाळवाल्यांना बांधून दिलेली विंग. सेल म्हणजे बाहेरच्यांना विकायची. मागचं गेट नाल्यावर उघडतं. तिथे रिक्षासुद्धा येत नाही.

"शेठ, चाळीत घरोघरी मी फिरलोय. गेट सगळ्यांना एकच, असं सांगितलं तेव्हा लोकांनी खोल्या सोडल्या."

"ते तुम्ही बोललात. कंपनी नाही बोलली."

"मग मी कोणाचा माणूस?"

"कदम, एवढा पैसा भरणारा माणूस मच्छीच्या टोपलीमागे उभा राहणार का? डोकं चालवा यार."

माझी आई टोपली घेऊन दारोदार फिरायची. ट्रे उचलून बाहेर आले.

कदम साहेब कणकवलीकडचे. जोगेश्वरीत भाड्याच्या खोल्या दाखवत सुरुवात केली, मग एका ब्रोकरकडे, मग इथे. इस्टेट मॅनेजर म्हणजे जुनं घर रिकामं करून घ्यायचं, नव्याची चावी द्यायची आणि पुढे बाथरूम गळलं की शिव्याही खायच्या. रिहॅब हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. "जुने मालक म्हणा," सांगायचे. सेल्सची पोरं हसायची.

पझेशनचा, म्हणजे चाव्या द्यायचा दिवस आला. शेठनी टेबल मागे लावायला सांगितलं होतं. साहेबांनी ते पुढच्या गेटच्या आत लावलं आणि जुन्या मालकांना निरोप दिला, गृहप्रवेश करत या.

सगळ्यांत पुढे चाळीतल्या परब काकू, डोक्यावर कलश. मागे कांबळे, हातात बुद्धाची मूर्ती. वॉचमन आडवा आला.

"मागून जा, मावशी."

"माका मागच्या दारान धाडतंस? मी काय चोरी करूक इलंय?"

साहेब वॉचमनला म्हणाले, "कलश घेतलेल्या बाईला दारातून परत पाठवतोस? पाठव बघू."

त्याने साहेबांकडे पाहिलं, कलशाकडे पाहिलं आणि बाजूला झाला. सेलची गिऱ्हाइकं तेव्हा सॅम्पल फ्लॅट बघायला आलेली. त्यांच्यासमोर शेठना हसून हात जोडावे लागले. आलेल्या माणसांना पुन्हा बाहेर काढणं मग जमलं नाही. गेट एकच राहिलं.

दुसऱ्या आठवड्यात साहेबांना बोरिवलीच्या गोडाऊनला पाठवलं. कमोड आणि टाइल्सच्या खोक्यांवर नजर ठेवायला. एवढी वर्षं लोकांना घरं दिलेला माणूस खोक्यांत बसवला. यंदा तिथेच त्यांना अटॅक आला आणि ते गेले.

परवा ऑफिसात शोकसभा झाली. साहेबांची बायको पुढच्या खुर्चीवर होती. शेठ माइकवर म्हणाले, "जुने आणि नवे एकाच गेटने यावेत, हे माझं स्वप्न होतं. कदमनी ते पूर्ण केलं. कंपनीचा शब्द त्यांनी कधी मोडला नाही."

टाळ्या वाजल्या. शोकसभेत.

"खोटारडो मेलो," परब काकू माझ्या कानाशी म्हणाल्या. केबिनमधलं बोलणं मी त्यांना सांगितलं होतं. "तू होतंस ना गो केबिनीत? बोल मगे."

चार माणसांत मला स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नाही. मी पाण्याचे ग्लास गोळा केले. कदम वहिनींजवळ गेले तेव्हा हळूच म्हटलं, "वहिनी, साहेबांनी शब्द मोडला होता. शेठचा. गेट त्यांच्यामुळे आहे."

त्यांनी माझा हात धरला. "घरी येऊन सांग सगळं. मुलांसमोर सांग."

रविवारी जाणार आहे. तिथे अडखळू नये म्हणून आधी हे लिहून काढलं. आमच्या धंद्यात घराचं पझेशन कधी वेळेवर मिळत नाही. मेलेल्या माणसाचं मात्र लगेच घेतात.