पॉलिशवालीचे कोस्टर

माझी आत्या सव्वीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करत होती. दुसऱ्यांनी कापायचं, दुसऱ्यांनी जोडायचं आणि आत्याने त्यांच्या चुका घासून घासून दिसेनाशा करायच्या. तिचा हात फिरलेल्या टेबलात बघून भांग पाडता यायचा. कारखान्यात तिला सगळे ‘आरसा’ म्हणत. तिला ते आवडायचं, मला नाही. आरशात प्रत्येक जण स्वतःलाच बघतो, आरशाकडे कोण बघतं?

मग खिडकीजवळच्या टेबलावरचे सुतार निवृत्त झाले आणि आत्या सरळ मालकांपुढे जाऊन उभी राहिली. ते टेबल मला द्या, म्हणाली, मला सुतारकाम करायचंय. मालक भला माणूस, पण स्वतःचं मत असं त्यांना नव्हतंच. त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री म्हणजे तिथले मुख्य सुतार, नाकावर माशी बसू न देणारे.

“पॉलिशवालीनं पॉलिश करावं,” मिस्त्री म्हणाले. “पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः बनवलेली एक तरी वस्तू आहे का तुमची? असेल तर दाखवा. नाहीतर पुढच्या महिन्यात बाहेरून माणूस येतोच आहे त्या टेबलावर.”

त्या संध्याकाळी आत्या घरी आली ती पिशवीभर लाकडाचे तुकडे घेऊन. कारखान्यात ते भट्टीत जायचे.

“याचं काय करणार?” मी विचारलं.

“कोस्टर. ग्लासाखाली ठेवायचे. या तुकड्यांत दुसरं काही बसत नाही.”

आमच्या घरात माणसं दोन, ती आणि मी, आणि खोल्याही दोनच. त्यातल्या एका खोलीत भुसा राहायला आला. आत्या स्टुलावर तुकडा ठेवायची, त्यावर गुडघा रोवायची आणि हातकरवतीने कापायची. पहिले कोस्टर इतके तिरपे की ग्लासातलं पाणी एका बाजूला जाऊन बसायचं. मी हसले की म्हणायची, “हस, हस. टाकाऊतून टिकाऊ होतंय, वेळ लागणारच.” दहा-बारा दिवसांत मात्र करवत तिचं ऐकायला लागली. चार बोटं लांब, चार बोटं रुंद, चारही बाजू सरळ. मग तिने त्यांना पॉलिश केलं, चांगले सहा हात. इतके देखणे झाले की मी माझा ग्लास कोस्टरच्या शेजारी ठेवला.

“अगं, वर ठेव,” ती वैतागली. “शोभेला नाहीत ते.”

मी बर्फाचं पाणी ओतलं, ग्लास वर ठेवला, जरा वेळाने उचलला. कोस्टरही उचलला गेला. माझ्या हनुवटीपर्यंत आला आणि तिथून सुटून माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला. दुसरा पडला तो भांड्यात. तिसऱ्या वेळी मी आधीच पाय बाजूला घेतले.

ही चूक फक्त आत्यालाच करता आली असती. तुमच्या-माझ्या हातून लाकूड इतकं सपाट आणि गुळगुळीत होतच नाही. थंड ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं, ते ग्लास आणि कोस्टरच्या मध्ये बसतं, हवेला आत शिरायला फट म्हणून नाही, आणि दोघं एकमेकांना सोडत नाहीत. सव्वीस वर्षांचं कसब आणि तेच आडवं आलं. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं.

सकाळी दवाखान्यात जायच्या घाईत मी हाताला लागला तो कोस्टर घेतला. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, तिथे उशीर चालत नाही. त्यावर बर्फाच्या पाण्याचा ग्लास ठेवला, प्यायला उचलला, कोस्टर जागचा हलला नाही. तो नापास झालेल्या ढिगातला होता. करवतीच्या खुणा तशाच, वर नुसता तेलाचा हात.

“आत्या, हा चिकटत नाही.”

तिने डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला. एकदा या बाजूने, एकदा त्या. “या खुणांतून हवा जाते,” ती म्हणाली. “आणि मी जन्मभर याच खुणा पुसत आले.”

कळणं सोपं होतं, हाताला आवरणं कठीण. खडबडीत लाकूड दिसलं की आत्याचा हात आपोआप घासायला जायचा. शेवटी तिने घरातले सगळे सँडपेपर माझ्या कपाटात कोंबले. “कुलूप लाव. मी पाया पडले तरी देऊ नकोस.” मग ती मुद्दाम खुणा पाडायला लागली, करवत हलकेच टेकवून, दोन रेघांत सारखं अंतर ठेवून. वर फक्त जवसाचं तेल. प्रत्येक कोस्टर तपासायला मी होतेच. त्या दिवसांत मी इतकं पाणी प्यायले की दर अर्ध्या तासाने खुर्चीवरून उठताना बघून डॉक्टरांनी काळजीने विचारलं, सगळं ठीक आहे ना?

त्याच सुमारास एका कॅफेवाल्या बाईंनी कारखान्यात आपली टेबलं करून घेतली होती. उरलेल्या तुकड्यांचे कोस्टरही हवेत, म्हणाल्या, आधी नमुना दाखवा. नमुना मिस्त्रींनी कापला आणि पॉलिशला आत्याकडे दिला. असे गुळगुळीत केले तर ते ग्लासाला चिकटतील, हे तिने सांगून पाहिलं.

“तुम्ही आरसा करा,” मिस्त्री म्हणाले. “बाकीचं मी बघतो.”

तिने आरसा केला. कामात लबाडी करणं तिच्या रक्तात नाही. पण नमुना दाखवायच्या दुपारी तिने स्वतःचे चार कोस्टर पिशवीत टाकले आणि मलाही बरोबर घेतलं. “ग्लास उचलायची सवय तुलाच आहे,” म्हणाली.

बाईंनी मिस्त्रींच्या कोस्टरवर सरबताचा थंडगार ग्लास ठेवला, बोलता बोलता उचलला, आणि कोस्टर वर जाऊन खट्कन फरशीवर. दुसराही तसाच. मालक खाली वाकून कोस्टर गोळा करायला लागले.

“पॉलिश बिघडलंय,” मिस्त्री म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं! मी तोंड उघडणार होते, पण आत्याने माझा दंड दाबला.

“पॉलिश उत्तम आहे,” ती म्हणाली. “त्यावर पॉलिश करायलाच नको होतं.” आणि तिने आपले चार कोस्टर मांडले.

बाईंनी ग्लास ठेवला, उचलला. मी ठेवला, उचलला. मालकांनी तर तीनदा केलं. एकही कोस्टर हलला नाही. मग मिस्त्रींनी एक हातात घेतला आणि रेघांवरून नख ओढलं.

“या खुणा चुकून राहिल्या की ठेवल्या?”

“पहिली चुकून राहिली. बाकीच्या ठेवल्या.”

“कापले कुणी?”

“मीच. घरी, स्टुलावर.”

मिस्त्रींनी चारही कोस्टर एकमेकांवर रचून कडा जुळवून पाहिल्या. पुष्कळ वेळ पाहिल्या. “असेच द्या यांना,” ते म्हणाले, आणि मग मालकांकडे वळून, “आणि त्या बाहेरच्या माणसाला येऊ नको म्हणून कळवा.”

आत्या खिडकीजवळच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. आधीचे सुतार होते सहा फुटी, टेबल तिच्या छातीला लागलं. मिस्त्री म्हणाले, “पायाखाली फळी घ्या.”

“फळी कशाला?” आत्या म्हणाली. “टेबल माझं आहे ना आता?”

तिने दोघा कामगारांना हाताशी धरून टेबल आडवं करायला लावलं, चारही पायांवर माप घेऊन रेघ मारली आणि करवत उचलली. सगळा कारखाना हातातलं काम ठेवून बघत होता. एकेका पायाचा वीतभर तुकडा खाली पडत गेला. टेबल उभं केल्यावर मिस्त्रींनी पुढे होऊन एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर दिला, मग समोरच्या कोपऱ्यावर दिला. टेबल जराही डुगडुगलं नाही.

“हं,” मिस्त्री म्हणाले, आणि स्वतःची लाकूड कोरायची पटाशी आणून तिच्या टेबलावर ठेवली.