एक मोकळी जागा

उत्रोलीतल्या आमच्या शेजारच्या वहिनी कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून कामं करतात. एंटर दाबण्याआधी ओळ पुटपुटून वाचायची त्यांची सवय.

परवा माझ्या गेलेल्या आईच्या आवाजातल्या गाण्यांच्या फाइलींना त्या नावं देत होत्या. दुसरी प्रत नव्हती. नेहमीसारखी ओळ पुटपुटून एंटर दाबलं आणि त्यांनी झटकन कॉम्प्युटरची वायर उपटली.

“भाऊजी, मधी एक मोकळी जागा जास्त पडली, आज्ञेचा अर्थच बदलला. फाइली पुसून जाय लागल्या व्हत्या.”

त्यांनी मोबाईलवर आपल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपला विचारलं. कधी न भेटलेली माणसं आज्ञेची एकेक ओळ पाठवत राहिली. वहिनी ती घाबरतच चालवत होत्या.

संध्याकाळी फाइली परत दिसल्या. पण आत आवाज उरलाय का, ते लावल्याशिवाय कळणार नव्हतं.

“तुमीच लावा,” वहिनी म्हणाल्या.

मला धीर झाला नाही. अजून झालेला नाही.