सोमाजीचा अंगठा

माग बंद असला की खाली सुताचे तुकडे साचत नाहीत. किस्से मात्र साचतात. लॉकडाऊनमध्ये आंधळगावकडच्या आमच्या विणकर मोहल्ल्यातले सगळे माग बंद पडले. सरकारने रेशनवर तांदूळ फुकट केला आणि आम्ही म्हातारे रेशन दुकानासमोरच्या कडुनिंबाखाली बसू लागलो. हे सगळे तिथलेच.

*

सोमाजी माझा शेजारी. पन्नास वर्षं सूत हाताळून त्याच्या अंगठ्याच्या रेघा झिजल्या होत्या. रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवला की मशीन म्हणायची, जुळत नाही. धुऊन ठेवला, लिंबू चोळून ठेवला, तरी नाहीच!

दुकानदार मुरलीभाऊ म्हणाला, "सोमाजी, मशीन तुले ओळखत नाही गा!"

"मी तरी तिले कुठं ओळखतो? पण मी तिले उपाशी ठेवतो का?"

पिशवी घडी करून तो घरी गेला.

*

दुकानासमोर चुन्याचे गोल आखले होते. एका गोलात एक माणूस. उन्हात कोण उभं राहणार? आम्ही गोलात चपला ठेवून सावलीत बसायचो. सोमाजी अनवाणी, म्हणून त्याने मागावरचा धोटा ठेवला.

तपासणीला आलेले साहेब गाडीतूनच म्हणाले, "व्वा! काय शिस्त आहे!"

सोमाजी हळूच म्हणाला, "शिस्त चपलाईले आहे जी. भूक आमाले आहे."

*

मग हुकूम आला. लागण नको म्हणून गिऱ्हाइकाने मशीनला हात लावायचा नाही, सगळ्यांसाठी दुकानदारानेच आपला अंगठा लावायचा. मुरलीभाऊने लावला आणि मशीनने सोमाजीची पावती दिली!

तांदूळ खांद्यावर घेऊन तो दारातूनच बायकोला ओरडला, "शेवंते, माझा अंगठा चालला वं! मुरलीच्या हाताले होता, येवढंच!"

शेवंतावहिनी भात शिजेपर्यंत हसत होती.

*

भादव्यात सोमाजीला ताप चढला. दवाखान्याची गाडी बोलवायला मदतीच्या नंबरवर मी फोन लावला. त्या दिवसांत फोनमध्ये आधी एक माणूस खोकायचा, मग सूचना सांगायचा. तीनदा लावला, तीनदा तोच खोकला.

सोमाजी खाटेवरून म्हणाला, "याले जास्त झालं गा. गाडी पहिले याच्याकडंच जाऊ दे."

गाडी दुसऱ्या दिवशी आली आणि त्याला भंडाऱ्याला घेऊन गेली. त्याचं तोंडही आम्हाला पुन्हा दिसलं नाही.

*

तेरावं झाल्यावर वहिनी कार्ड घेऊन दुकानात आली.

"भाऊ, त्यायचं नाव काटा. मेलेल्या माणसाचं धान्य मले नाही पाहिजे."

"माझ्यानं कटत नाही, वहिनी. वरून कटते. अर्ज द्या."

अर्ज दिला. नाव कटलं नाही. दर महिन्याला मुरलीभाऊचा अंगठा लागे आणि सोमाजीच्या वाट्याचा तांदूळ येई. वहिनी तो वेगळ्या डब्यात ठेवी. शिजवत नसे.

*

पुढे कळलं, कोरोनाने माणूस गेला त्या घराला सरकार मदत देणार. मदत मिळाली तर सूत आणून माग सुरू करता येईल, एवढीच वहिनीची आशा. मी चौथी शिकलेला, तरी अर्ज मीच लिहिला आणि तिच्याबरोबर ऑफिसात गेलो.

बाबूने कॉम्प्युटरवर नंबर टाकला. स्क्रीनकडे बघितलं, मग वहिनीकडे.

"बाई, हा माणूस तर जिवंत आहे! मागच्या महिन्यात दुकानातून धान्य नेलं. अंगठा लागला आहे."

मी म्हणालो, "साहेब, तो अंगठा दुकानदाराचा. मृत्यूचा दाखला जोडला आहे जी."

"बाबा, माणूस खोटं बोलते. मशीन नाही बोलत."

त्याने अर्ज परत सरकवला. वहिनी बराच वेळ त्या स्क्रीनच्या मागच्या बाजूकडे बघत राहिली. मग डोक्यावरचा पदर सारखा करून तिने विचारलं,

"दुकानात येते म्हणता, तं घरी काहून नाही येत, साहेब? त्यायचा तांदूळ मी वेगळा ठेवून राहिली जी."